धायटीवरची पाळत

चिंचखोरीच्या तानाबाईचा कोणावरच भरोसा नव्हता. दुकानातून मीठ आणलं तरी घरी येऊन ती ओंजळीनं मोजायची. एसटीचं तिकीट काढलं की शेजारच्या दोघांना दाखवून, "इथलंच हाय ना?" असं विचारून घ्यायची. रस्त्यात कोणी हसून रामराम, जयभीम केला, तर पुढं चार पावलं गेल्यावर ती मागं वळून बघायची. हा हसला कायले?

असं जन्मतः कोणी नसतं. तानाबाईही नव्हती. तिचा नवरा कचरू मलकापूरला कापसाच्या जिनात हंगामी कामाला जायचा. एका पौषात तो तिकडं आणि ही इथं एका मोठ्या शेतकऱ्याच्या ज्वारीच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला. कामावर असतानाच मलकापूरहून कार्ड आलं. तानाबाईला वाचता येत नव्हतं. शेतकऱ्याच्या दिवाणजीनं कार्ड वाचलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कचरू खुशाल हाय. तब्येतीले जप म्हनते." तानाबाई खुशीत चार दिवस सोंगत राहिली. पाचव्या दिवशी मलकापूरचा एक सोबती पायी आला आणि बांधावरच रडायला लागला. कचरू तापानं गेला होता. कार्डात तेच लिहिलेलं होतं. सोंगणी अर्धी राहू नये म्हणून दिवाणजीनं मरण चार दिवस खिशात ठेवलं. कचरूचं तोंडही तिला बघायला मिळालं नाही.

तेव्हा ती तीस वर्षांची होती. एक लेक होती, ती पुढं उंद्रीला दिली. मग बौद्धवाड्यातल्या आपल्या मातीच्या घरात तानाबाई एकटी राहिली. दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायची, आणि माघ-फाल्गुन लागला की बोथ्याच्या घाटाकडं तोंड करायची. गावाच्या वर तांबडं बरड होतं. मुरूम आणि दगड. तिथं दुसरं काही धड उगवत नसे, पण धायटी मात्र मन लावून वाढायची. पुरुषभर उंचीची, वाकलेल्या फांद्यांची झुडपं. थंडी सरू लागली की त्यांची पानं विरळ होत आणि फांदीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत लाल फुलांचे झुबके लगडत. लांबून बघावं तर टेकडीला विस्तव लागल्यासारखं दिसे. ती फुलं तोडून, वाळवून बायका व्यापाऱ्याला घालत. रंगाला लागतात, औषधाला लागतात, असं व्यापारी सांगे. तानाबाईचा त्यावरही विश्वास नव्हता, पण तो फुलं घ्यायचा हे खरं होतं.

तिची तोडण्याची एक रीत होती. ती हाताला लागतील ती फुलं घ्यायची आणि वरचा शेंडा सोडायची. सिंधूताई ही तिची शेजारीण दरवर्षी बरोबर असे. ती कुरकुर करी, "वरची काऊन सोडतं, माय? पाखरायले पोसतं का?"

"हाव. पाखरायले," तानाबाई म्हणे. "पलीकडच्या टेकडीवर ठेकेदाराच्या मानसायनं सारी फांदी ओरबाडली. पाखरू फिरकलं नाई, बी धरलं नाई. आता तिथं धायटी हाय का? म्या डोयानं पाह्यलं हाय."

माणसांवर नव्हता तेवढा तिचा विश्वास त्या बरडावरच्या जिवांवर होता. सकाळी ऊन तापायच्या आत फुलचुख्या यायच्या. अंगठ्याएवढं पाखरू, वाकडी चोच फुलात खुपसून भिरीभिरी करणारं. मग मधमाश्या. फांदीला तळहाताएवढं मोहोळ लावणाऱ्या त्या लहान माश्या धायटीवर दिवसभर गुणगुणत. खारी उलट्या लटकून फुलं कुरतडत. पडलेली फुलं टिपायला भेकर येई, कधी रोही, म्हणजे नीलगाय, येई. आणि ज्याचं नाव ती बरडावर मोठ्यानं घेत नसे, ते अस्वलही येई. मोहोळासाठी आणि झुडपांच्या बुडाशी असलेल्या वारुळांसाठी.

त्रेसष्ट सालच्या माघात तानाबाई पहिल्यांदा बरडावर गेली, तेव्हा एका धायटीच्या फांदीला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधलेली दिसली. वीतभर लांब. त्यावर काळ्या शाईनं काहीतरी काढलेलं. पुढच्या झुडपाला तशीच. मोजत गेली तर चौदा झुडपांना चौदा चिंध्या.

तिला वाटलं, कोणीतरी करणी केली. सहा-सात वर्षांपूर्वी वाड्यातल्या सगळ्यांबरोबर तिनंही दीक्षा घेतली होती. गंडेदोरे सगळे नाल्यात सोडून दिले होते. देव सोडले होते, पण भीती कुठं एका दिवसात सुटते? तिनं एक चिंधी सोडली, कमरेला खोचली आणि खाली येऊन इंद्रभानला गाठलं. इंद्रभान वाड्यातला सातवी झालेला माणूस. टपालाची थैली पोचवायचा.

"काय लिहेल हाय?"

इंद्रभाननं चिंधी उलटीसुलटी केली. "सात."

"अन्?"

"अन् काय? साताचा आकडा हाय."

"नीट पाह्य. बाकीचं लपवू नको."

"अवो काकू, सातात काय लपवू मी?"

तानाबाई त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली. कार्ड वाचताना दिवाणजी क्षणभर थांबला होता. पण इंद्रभान थांबला नव्हता. तिनं चिंधी परत घेतली.

चिंध्या कोणाच्या ते तिसऱ्या दिवशी कळलं. गावच्या शाळेवर दिवाळीनंतर नवा मास्तर आला होता. वामनराव. नगरकडचा, एकटा, चष्मेवाला. शाळेआधी सकाळी आणि शाळेनंतर संध्याकाळी तो गळ्यात दुर्बीण अडकवून बरडावर जायचा, धायटीपासून वीस पावलांवर दगडावर बसायचा आणि वहीत लिहायचा. नुकतीच, दिवाळीच्या सुमारास, चीनची लढाई झालेली. रेडिओवर हेरांपासून सावध राहा म्हणून सांगत. तेव्हा दुर्बीण गळ्यात घालून डोंगरावर जाणारा माणूस गावाच्या डोळ्यात सलणारच. कोणी म्हणे हेर आहे. कोणी म्हणे फुलं तोडणाऱ्या बायकांवर नजर ठेवतो. पण सगळ्यांत जास्त बोललं जाई ते गुप्तधनाचं. तांबड्या बरडात जुन्या काळचा हंडा पुरलेला आहे, अशी गोष्ट चिंचखोरीत जो तो आजापासून ऐकत आला होता.

एकदा वाटेत मास्तरानं तानाबाईला थांबवलं. "मावशी, तुम्ही धायटीची फुलं तोडता ना? त्या झाडावर कोणकोण येतं हो?"

तानाबाईनं टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. ती लहान असताना साखळी घेऊन मोजणीवाले आले होते. पाणी प्याले, झुडपांची नावं विचारली, आईनं भोळेपणी सगळी सांगितली. दुसऱ्या साली नाल्याकाठी जंगलखात्याच्या हद्दीचा दगड रोवला गेला आणि आईचं लाकूड तोडणं गुन्हा ठरलं.

"कोन येते? कोनी नाई येत," ती म्हणाली आणि चालू लागली.

त्या दिवसापासून तिनं मास्तरावर पाळत ठेवली. तो यायच्या आधी ती नाल्याच्या पलीकडं करवंदीच्या जाळीमागं जाऊन बसे. हात फुलं निवडत असत, डोळे मास्तरावर. तो उठला की ती सरकायची, तो बसला की ती बसायची. सिंधूताईला सांगितलं, "तू वरून तोड, म्या खालून येते." अधूनमधून एखादी चिंधी ती सोडून घ्यायची. मास्तर दुसऱ्या दिवशी ते झुडूप शोधत भोवती फिरायचा, कपाळाला आठ्या घालून इकडंतिकडं बघायचा आणि नवी चिंधी बांधायचा. त्याच्याही मनात पाल चुकचुकली होती. कोणीतरी आपल्या मागावर आहे, हे त्याला कळलं होतं. पण कोण ते कळत नव्हतं.

काय करायचा तो? तानाबाईला उमगत नसे. पाखरू आलं की दुर्बीण डोळ्याला, मग वहीत एक रेघ. माशी आली तरी रेघ. खाली पडलेलं फूल उचलून उन्हात धरायचा आणि एकटाच हसायचा. एवढ्यासाठी कोणी डोंगर चढतं का? तिला पटेना. खरं काम हा मी नसताना करत असणार, असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी आणखी लवकर यायची.

आणि मग खड्डे दिसू लागले. सात नंबरच्या झुडपाखाली एक, अकराखाली दोन. हात बुडेल एवढे खोल, माती मागं उडवलेली. सिंधूताई ओरडलीच. "पाह्य! म्हनलं नवतं म्या? हंडा शोधून राह्यला थो!"

तानाबाई खाली बसली. खड्ड्याच्या कडेला पाच नखांचे ओरखडे होते. आत फोडलेलं वारूळ. थोडं पुढं काळी विष्ठा, तिच्यात बोरांच्या बिया आणि वाळवीची डोकी. तिला सगळं कळलं, पण ती बोलली नाही. अस्वल आलंय म्हटलं असतं, तर सिंधूताईनं सांजेच्या आत गावभर केलं असतं. मग जंगलखात्याचा नाकेदार जानराव येऊन बरड बंद करणार, नाहीतर कोणीतरी बंदूकवाला येणार. दोन्हींत तिचा हंगाम जात होता. "असन कायतरी," ती म्हणाली. सिंधूताईनं तिच्याकडं तिरकं पाहिलं. तानाबाई खड्डा बघून गप्प बसते, याचा अर्थ तिनं आपल्या परीनं लावला.

चार दिवसांनी, सूर्य नुकता वर आलेला, तानाबाई जाळीमागं होती आणि मास्तर दगडावर. फुलचुख्यांचा गोंधळ चालला होता. एकाएकी त्या उडाल्या. मास्तराच्या मागं चाळीसेक पावलांवर, अकरा नंबरच्या झुडपाआड, काळं काहीतरी हललं. मग तो आवाज आला. भात्यातून वारा ओढल्यासारखा, मग फुंकल्यासारखा. अस्वल वारुळात तोंड घालून वाळवी ओढत होतं. मास्तराच्या डोळ्याला दुर्बीण, आणि वारा उलटा. त्याला पत्ता नव्हता.

तानाबाईच्या मनात जे आलं ते तिनं पुढं कोणाला सांगितलं नाही. तिच्या मनात आलं, की हा वाईट असेल तर अस्वलाच्या हातून परस्परच त्याचा निकाल लागून जाईल. आपण कशाला मधी पडायचं? एवढं मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. तिनं पाण्याचं टमरेल उचललं आणि विळ्यानं ते खणाखणा वाजवायला लागली.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, छातीवरचा पांढरा चंद्र दिसला, आणि झुडपं मोडत ते नाल्यात उतरलं. मास्तर पांढराफटक पडून उभा होता. जाळीतून तानाबाई बाहेर आली.

"मावशी... तुम्ही?" तो म्हणाला. मग थोडा सावरून, "तुम्ही रोज इथंच असता?"

"फुलं तोडाले."

"माझ्या चिंध्या कोण नेतं, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"मले काय मालूम?" तानाबाई म्हणाली. तिच्या कमरेला त्या वेळी तीन चिंध्या खोचलेल्या होत्या.

 दोघं एकमेकांकडं बघत राहिली, आणि एकाचाही दुसऱ्यावर विश्वास बसला नाही.

फाल्गुन लागला आणि गावातल्या पुष्पाबाईची काळी बकरी हरवली. एकही पांढरा केस नसलेली. गावाला तेवढं पुरे झालं. काळी बकरी, खड्डे, आकडे घातलेल्या चिंध्या. आज बकरी, उद्या कोणाचं लेकरू? सकाळी शाळा भरायच्या आतच दहा-बारा जणांनी मास्तराला खोलीतून ओढून चावडीसमोर आणलं. त्याचा चष्मा कोणाच्या तरी हातात होता, वही पाटलाच्या. हा हा म्हणता सारं गाव जमलं. तानाबाई बायकांच्या मागं, कडुलिंबाला टेकून उभी होती.

पाटील उकंडराव भला माणूस, पण गर्दीपुढं त्याचं काही चालत नसे. त्यानं वही पुतण्याकडं दिली. "वाच बे, शेषराव."

शेषरावानं पान उघडलं. वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. "धायटी सात. काळा नर, दोनदा आला. मादी एक. धायटी अकरा. काळा नर, एक..."

"नर!" कोणीतरी ओरडलं. "बळी द्याचा नर!" पुष्पाबाईनं तोंडावर हात घेतला. एकानं मास्तराच्या मुस्काटात मारली. "अहो, पक्ष्याचं आहे ते, पक्ष्याचा नर..." मास्तर बोलत होता, पण कोण ऐकतो?

तानाबाईनं शेषरावाच्या तोंडाकडं टक लावली होती. मास्तर खरा की खोटा, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. पण एकानं कागद वाचावा आणि बाकीच्यांनी मान डोलवावी, हे तिनं आयुष्यात एकदा सोसलं होतं. ती बायकांतून वाट काढत पुढं आली.

"पाटील, दुसऱ्यानं वाचा जी. इंद्रभानले द्या."

"तुले काय कराचं हाय व, तानाबाई?" शेषराव खेकसला.

"सारं वाचलं का तुमी? का मधातलं सोडलं?"

पाटलालाही जरा वेळ हवाच होता. इंद्रभाननं वही घेतली आणि मोठ्यानं वाचलं. "काळा नर दोनदा आला. चोच फुलात. मादी एक, पिवळट. मधमाश्या अकरा. खार एक, फुलं कुरतडून गेली." मधल्या ओळी शेषरावानं गाळल्या होत्या, मुद्दाम की घाईनं, कोण जाणे.

गर्दी कुजबुजली, पण मारणाऱ्याचा हात अजून मास्तराच्या गळ्यावरच होता. "अन् खड्डे? खड्डे काय माशीनं खोदले?"

"अस्वलानं," तानाबाई म्हणाली.

"तुले कसं मालूम?"

"म्या पाह्यलं. अन् मास्तर काय करते तेही म्या पाह्यलं. वीस दिवस झाले, सकाय-संध्याकाय म्या त्याच्या मागं हाय. यानं कुदय हाती धरली नाई. बसते अन् लिहिते."

पाटील चक्रावला. "तू काऊन मागं होतीस त्याच्या?"

"भरोसा नवता म्हनून."

कोणीतरी हसलं. पण पाटलाला वाट सापडली. "चला मंग वर. दाखव."

सारी वरात बरडावर चढली. वाटेत नाकेदार जानरावही येऊन मिळाला. तानाबाईनं खड्डे दाखवले, नखं दाखवली, विष्ठा काठीनं फोडून वाळवीची डोकी दाखवली. जानरावानं मान हलवली. "अस्वलच हाय. मोठं हाय." मग तिनं सगळ्यांना सात नंबरपासून दूर बसवलं. माणसं कुरकुरत बसली. थोड्या वेळानं शेंड्यावर, तानाबाईनं सोडलेल्या फुलांवर, काळंभोर चमकतं पाखरू येऊन लटकलं. मागून एक पिवळट पाखरू.

"हा काळा नर," मास्तर हलकेच म्हणाला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं.

पाटलानं त्याच्या हातात चष्मा दिला. मारणारे धोतरं झटकत उठले. खाली उतरताना मात्र तानाबाईला मागून ऐकू आलं, "हिले काऊन एवढा पुळका? हंड्यात वाटा ठरला असन." तो आवाज सिंधूताईच्या नवऱ्याचा होता.

बकरी कधीच सापडली नाही. पुष्पाबाईचा दीर त्याच आठवड्यात बाजारातून नवे जोडे घालून आला, पण त्याला कोणी काही विचारलं नाही. तानाबाईनं त्या जोड्यांकडं मात्र नीट पाहून घेतलं. जानरावानं वर कळवलं आणि अस्वल आहे म्हणून बरड बंद झालं. तिची भीती खरी ठरली. ऐन फुलांवर असलेली धायटी तशीच राहिली, आणि बायकांनी सगळं खापर तानाबाईच्या डोक्यावर फोडलं. त्या हंगामात ती गहू सोंगायला हिवऱ्याकडं गेली. मास्तर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत कसाबसा राहिला. मग बदली मागून गेला. जाण्याआधी तो बौद्धवाड्यात आला होता, तिच्या दाराशी उभा राहून बोलला होता. तिनं त्याला पाणी दिलं. आत ये म्हणाली नाही.

दुसऱ्या वर्षीही बरड बंदच होतं. तिसऱ्या माघात जानरावानं वाटेवर आडवी घातलेली दांडी काढली. तानाबाई पहिल्याच सकाळी वर गेली. न तोडलेल्या दोन वर्षांत नाल्याच्या काठानं गुडघ्याएवढी नवी रोपं उठली होती. तिनं ती एकेक वाकून बघितली. ऊन चढल्यावर खालून बांगड्यांचा आवाज आला. सिंधूताई टोपली घेऊन येत होती. ती शेजारच्या झुडपाला लागली. दुपारी दोघी एका सावलीत भाकर खायला बसल्या.

"तानाबाय," सिंधूताईनं विचारलं, "थो मास्तर खरंच चांगला होता का व?"

तानाबाईनं घास गिळला. "खड्डे त्यानं खोदले नाई, एवढं मले मालूम हाय. चांगला होता का नवता, थे म्या कसं सांगू?"

सिंधूताईनं आपल्यातली अर्धी चटणी तिच्या भाकरीवर ठेवली. तानाबाईनं ती आधी बोटानं चाखून बघितली, आणि मग खाल्ली.